लाल दगडाला किंमत लावण्याआधी त्याचे नाव ठरवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी बरीच वर्षे भूशास्त्र शिकवले. आता निवृत्त झालो असलो तरी शेतात, विहिरीत, घाटात किंवा घरच्या जुन्या ट्रंकेत सापडलेले दगड घेऊन लोक माझ्याकडे येतच असतात. त्यांतल्या लाल दगडांविषयी, त्यांची ओळख पटवण्याविषयी आणि त्यांना लावल्या जाणाऱ्या किमतीविषयी मला आपल्या पत्रातून लिहायचे आहे. गेल्या श्रावणात आमच्याच गल्लीत जे घडले ते पाहून मन विषण्ण झाले, आणि ते लोकांसमोर आले नाही तर उद्या दुसऱ्या एखाद्या घरात तेच घडेल अशी मला भीती वाटते.

आमच्या शेजारच्या एक वहिनी रुमालात बांधलेला दगड घेऊन आल्या. त्यांचे यजमान तरुणपणी जळगाव जिल्ह्यात विहिरींच्या कामावर सुरुंग भरायला होते. एका विहिरीत सुरुंग उडाल्यावर काळ्या पाषाणातली पोकळी फुटली आणि तिच्यातून निघालेला हा तुकडा त्यांनी पिशवीत घालून कोल्हापूरला आणला. सासूबाईंनी तो देव्हाऱ्यात मांडला. मुठीएवढ्या काळ्या दगडाच्या एका अंगाला विटकरी लाल स्फटिकांचा दाट थर होता, आणि त्या स्फटिकांच्या फटींत चाळीसएक वर्षांचे हळदकुंकू, तेल आणि निरांजनाची काजळी बसलेली होती. "सर, ह्याचं किती येतील तेवढं सांगा, नातवाच्या फीचं बघायचंय," असे त्या म्हणाल्या. हा दगड कसला आहे, हे त्यांना तोवर कोणीच सांगितले नव्हते, पण किंमत मात्र दोघांनी सांगून झाली होती.

पहिल्या ठिकाणी, दागिन्यांचे काम करणाऱ्या एका माणसाने, माणिक आहे का ते बघतो म्हणून सर्वांत मोठा, जवळजवळ दोन सेंटिमीटरचा स्फटिक चिमट्याने उपटला आणि पॉलिशच्या चाकावर धरला. चाकावर त्याचे अभ्रकासारखे पापुद्रे सुटले. तेव्हा "हलका माल आहे, नदीत सोडा" असे सांगून त्याने उरलेला चुरा पुडीत बांधून परत दिला. दुसऱ्या ठिकाणी, मोबाइलवर फोटो पाठवल्यानंतर एका अनोळखी इसमाने हे जगातले अतिदुर्मिळ रत्न असून वीस लाख सहज येतील असे कळवले आणि 'तपासणी शुल्क' म्हणून दहा हजार रुपये आधी भरायला सांगितले. वहिनींनी पैसे भरले नाहीत हे नशीबच म्हणायचे. पण ज्या स्फटिकामुळे त्या नमुन्याला खरी शोभा होती, तो मात्र कायमचा गेला.

आपल्याकडे दगड लाल दिसला की माणूस माणिकाकडे धावतो. साजात, तुशीत, नथीत लाल खडा पाहत आपण वाढलो, त्यामुळे यात नवल नाही. राजघराण्यांच्या जवाहिरखान्यांचीही हीच चूक झाली आहे. ब्रिटिश राजमुकुटात 'ब्लॅक प्रिन्सचे माणिक' म्हणून मिरवणारा मोठा लाल खडा वास्तविक स्पिनेल या वेगळ्याच खनिजाचा आहे. उलट दिशेची, म्हणजे माणकाहून कितीतरी दुर्मिळ खनिजाला माणिक समजण्याची चूकही झालेली आहे. ब्रह्मदेशात आर्थर पेन यांना १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मिळालेला एक गडद लाल स्फटिक आधी माणिक समजला गेला. तपासणीअंती ते कॅल्शियम, झिर्कोनियम आणि बोरॉन असलेले पूर्णपणे नवे खनिज निघाले आणि १९५७ साली 'पेनाइट' या नावाने त्याची नोंद झाली. पुढे कित्येक वर्षे त्याचे दोन-तीनच नमुने जगाला माहीत होते. हल्ली फसवणूक करणारे लोक हेच नाव सर्रास वापरतात, म्हणून ते मुद्दाम येथे लिहिले. ज्याने दगड हातातही घेतलेला नाही तो फोटोवरून 'पेनाइट' म्हणू लागला, तर त्याच्याशी बोलणे तेथेच थांबवावे.

माझ्याकडे येणाऱ्या लाल दगडांत बहुतेक वेळा तांबडी गारगोटी, म्हणजे लोहाने रंगलेला जास्पर असतो, नाहीतर जांभ्याचा एखादा चकाकता तुकडा, नाहीतर नदीत गुळगुळीत झालेली जुनी काच असते. हे ऐकून लोक हिरमुसतात आणि मलाही वाईट वाटते, पण खरे ते सांगावेच लागते. (गारगोटी हे आपल्या भुदरगड तालुक्याच्या गावाचे नाव आहे, आणि सिन्नरला खनिजांचे जे प्रसिद्ध संग्रहालय आहे त्यानेही हेच नाव घेतले आहे. आपल्या मातीतला हा शब्द त्या संग्रहालयाच्या पाटीवर वाचताना मला दर वेळी आनंद होतो.) वहिनींचा दगड मात्र यांपैकी काहीच नव्हता.

आधी प्रश्न होता तो रंगाचाच. लाली दगडाची की कुंकवाची, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नव्हते. मऊ ब्रश आणि साधे स्वच्छ पाणी घेऊन एका कोपऱ्यातले कुंकू हळूहळू सोडवले. पाणी गुलाबी झाले, स्फटिक मात्र लालच राहिले. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली त्या लालीचे बारीक कण स्फटिकाच्या आत, पृष्ठभागाच्या खाली दिसत होते. ते लोहाच्या ऑक्साइडचे असतात. स्फटिकांचा आकारही बोलका होता. मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता, ख्रिस्ती लोकांच्या शवपेटीसारखा. चपट्या बाजूवर मोत्यासारखी झाक होती आणि तुटलेल्या तुकड्याचे पापुद्रे नेमके त्याच बाजूला समांतर सुटले होते. माणिक असे सुटत नाही.

मग वजन केले. पुडीतला एक धड तुकडा गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, ओळखीच्या सराफांच्या काट्यावर १.३२ ग्रॅम भरला. त्याच काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणला आणि तुकडा दोऱ्याला बांधून, तळाला किंवा कडेला टेकू न देता, पाण्यात लोंबकळत सोडला. काटा ०.६० दाखवू लागला, म्हणजे तुकड्याने तेवढे पाणी बाजूला सारले होते. १.३२ ला ०.६० ने भागले की २.२ येते आणि हीच त्याची सापेक्ष घनता, म्हणजे तो तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा. तेवढ्याच वजनाचे माणिक असते तर काट्याने ०.३३ च दाखवले असते, कारण माणकाची घनता ४ च्या आसपास असते. या चाचणीला पाच मिनिटे लागली, दगडाला ओरखडाही उठला नाही आणि माणकाचा विषय तेथेच संपला. गुजरीतल्या प्रत्येक पेढीवर असा काटा असतो. चिमट्याआधी तो वापरला गेला असता तर तो स्फटिक आज जागेवर असता.

हे खनिज ह्यूलॅन्डाइट. आपल्या सह्याद्रीचा आणि देशावरचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. लाव्हा थिजताना वायूच्या बुडबुड्यांच्या ज्या पोकळ्या राहिल्या त्यांतून पुढे खनिजांनी भरलेले गरम पाणी झिरपले आणि स्टिल्बाइट, अपोफिलाइट, स्कोलेसाइट, ह्यूलॅन्डाइट अशी खनिजे पोकळ्यांच्या भिंतींवर वाढली. एकोणिसाव्या शतकात बोरघाटातून रेल्वे नेताना निघालेले असे नमुने तेव्हाच युरोपातील संग्रहालयांत पोचले होते. जोतिबाच्या डोंगराखालचा दगडही याच कुळातला आहे. आपल्याकडचा ह्यूलॅन्डाइट बहुधा पांढरा, फिकट गुलाबी किंवा हिरवट मिळतो. गडद विटकरी लाल आणि तोही एवढ्या मोठ्या, सुट्या स्फटिकांत क्वचित पाहायला मिळतो. इटलीतील फासा खोऱ्याचा लाल ह्यूलॅन्डाइट संग्राहकांत फार जुन्या काळापासून नावाजलेला आहे. काटेकोरपणे पाहता नावही येथे संपत नाही. क्लिनोप्टिलोलाइट हे याचे जुळे भावंड क्ष-किरणांच्या तपासणीत जवळजवळ तसेच दिसते, आणि दोघांतला फरक सिलिकॉन व अॅल्युमिनियम यांच्या प्रमाणावरून ठरतो. एका परिचित प्राध्यापकांनी त्या चुऱ्यातल्या चिमूटभर पुडीवर ही तपासणी करून दिली. चाकावर वाया गेलेल्या स्फटिकाचा तेवढा तरी उपयोग झाला.

सगळेच लाल स्फटिक इतके निरुपद्रवी नसतात, आणि हे सांगणे मला किमतीपेक्षाही महत्त्वाचे वाटते. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने ते फारच जड लागते, कारण त्याची घनता ८ च्या वर असते. मनशीळ हे आर्सेनिकचे सल्फाइड नखाने खरवडता येईल इतके मऊ असते. मोरोक्कोहून येणारा व्हॅनॅडिनाइट आणि टास्मानियातील डुंडासचा भडक नारिंगी-लाल क्रोकोइट या दोन्हींत शिसे असते. अशा दगडांची पूड करू नये, ते तापवू नयेत, लहान मुलांच्या हाती देऊ नयेत आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. कोणी त्यांची भस्मे करू लागला तर त्याला तेथेच थांबवावे. स्नानगृहाच्या फरशीच्या खडबडीत मागच्या बाजूवर दगड हलकेच घासून उमटणारा 'कस' पाहणे ही आमच्या शास्त्रातली जुनी चाचणी आहे. हिंगुळाचा कस लाल उठतो, हेमॅटाइट या लोहखनिजाचा तांबूस तपकिरी, तर माणिक आणि गार्नेट यांचा रंगीत कस उठतच नाही. मात्र ही चाचणी नमुन्याच्या पाठीमागच्या, न दिसणाऱ्या कडेवरच करावी.

काही लाल खनिजांना तर उजेडच मारक असतो. चांदी आणि आर्सेनिक यांचे प्रूस्टाइट हे खनिज ताजे असताना माणकासारखे लाल आणि पारदर्शक असते, पण प्रकाशात ठेवले की काळवंडते. मनशिळेचा तर उजेडात पिवळा भुगा होतो. म्हणून मोठ्या संग्रहालयांत असे नमुने अंधाऱ्या खणांत ठेवतात. दुर्मिळ लाल दगड सापडला म्हणून कोणी तो दिवाणखान्याच्या काचकपाटात दिव्याखाली ठेवला, तर किंमत ठरायच्या आतच ती वस्तू नष्ट झालेली असेल. आम्लाचेही तसेच आहे. विद्यार्थी असताना मी पुण्याजवळच्या खाणीतला स्टिल्बाइटचा एक सुंदर नमुना कॅल्साइट काढण्यासाठी रात्रभर हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ठेवला होता. सकाळी कॅल्साइट गेलेले होते आणि त्याबरोबर स्टिल्बाइटची झाकही गेलेली होती. पृष्ठभाग खडूसारखा पांढरा पडला होता. तो नमुना मी अजून ठेवला आहे आणि कोणी दगड ॲसिडने धुण्याविषयी विचारले की तो समोर ठेवतो.

आता किमतीविषयी. खनिजाच्या नमुन्याला सोन्यासारखा तोळ्याचा भाव नसतो आणि खड्यासारखा रतीचाही नसतो. कोणत्याही सरकारी दरपत्रकात तो सापडत नाही. रत्नांची प्रयोगशाळा खडा कोणत्या जातीचा, नैसर्गिक की कृत्रिम, त्यावर काही प्रक्रिया झाली आहे का, हे लिहून देते. किंमत लिहून देणे हे तिच्या दाखल्याचे काम नव्हे. कृत्रिम माणिक तर फ्रान्सच्या व्हर्नेय यांनी १९०२ साली जाहीर केलेल्या पद्धतीने शंभराहून अधिक वर्षे तयार होत आहे, त्यामुळे 'खरे माणिक' या दोन शब्दांवर विश्वास ठेवून व्यवहार करणे धोक्याचे आहे. नमुन्याची किंमत ठरते ती वेगळ्याच गोष्टींवर. स्फटिक किती मोठा, किती अभंग, कडा किती तीक्ष्ण, झाक किती, रंग किती खोल, आणि तो मूळ दगडावर कसा बसला आहे, हे संग्राहक पाहतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील स्वीट होम खाणीत १९९२ साली सापडलेला 'अल्मा किंग' हा ऱ्होडोक्रोसाइटचा लाल स्फटिक आज डेन्व्हरच्या संग्रहालयात आहे. ऱ्होडोक्रोसाइट हे मॅंगनीजचे कार्बोनेट, दुर्मिळ म्हणावे असे खनिज मुळीच नव्हे. त्या एका स्फटिकाचा आकार, रंग आणि अभंगपणा असामान्य आहे म्हणून त्याचे एवढे नाव झाले. याउलट अतिशय दुर्मिळ पण कळाहीन, भिंगाखालीच दिसणारी खनिजे शास्त्रज्ञांखेरीज कोणी विकत घेत नाही. दुर्मिळ आणि मौल्यवान हे दोन शब्द आपण एका दमात बोलतो, तेथेच निम्मी फसवणूक सुरू होते.

याखेरीज संग्राहक एक गोष्ट हटकून विचारतो आणि आपल्या घरांतून नेमकी तीच हरवलेली असते, ती म्हणजे दगड नेमका कोठून आला. गाव, विहीर की खाण, किती खोलीवर, कोणत्या साली, कोणी काढला, एवढी चिठ्ठी नमुन्याबरोबर असेल तर त्याची शास्त्रीय आणि बाजारी दोन्ही किंमत वाढते. नसेल तर उत्तम नमुनाही 'महाराष्ट्र' एवढ्याच नावाने विकला जातो. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट जगभर वाघोलीच्या नावाने ओळखला जातो, हे या बाबतीत लक्षात घेण्यासारखे आहे. वहिनींना मी आकडा सांगितला नाही. मुख्य स्फटिक गेल्यानंतर किमतीचा मोठा भाग गेलेला आहे हे त्यांना स्पष्ट सांगितले, पण उरलेला नमुना नदीत सोडण्यासारखा निश्चितच नाही हेही सांगितले. विकायचाच झाला तर निदान तीन खरेदीदारांना प्रत्यक्ष दाखवावा, तशाच नमुन्यांचे मागितलेले नव्हे तर प्रत्यक्ष मिळालेले भाव विचारावेत, आणि आधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे, असा सल्ला दिला. एक गोष्ट येथे सर्वांसाठी लिहितो. जमीन आपली असली तरी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे खनिजांवरील हक्क शासनाचा मानलेला आहे. त्यामुळे एखादा चांगला दगड मिळाला म्हणून शेतात विक्रीसाठी खोदकाम सुरू करण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयातील खनिकर्म अधिकाऱ्यांना विचारणे आवश्यक आहे.

या सगळ्यात माझे मुख्य गाऱ्हाणे असे की कोल्हापुरात सामान्य माणसाने दगड घेऊन जायचे कोठे, याचे उत्तर नाही. त्याला गुजरी माहीत असते, म्हणून तो गुजरीत जातो. सराफांचा व्यवसाय सोन्याचा आणि खड्याचा, खनिजाच्या नमुन्याचा नव्हे, त्यामुळे त्यांनाही दोष देता येत नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने लोकांनी आणलेल्या दगडांची ओळख पटवून देण्याचे काम केलेले आहे. आपल्या शहरातही ते अशक्य नाही. टाउन हॉलमध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननातील वस्तू जपणारे संग्रहालय आहे, शिवाजी विद्यापीठात क्ष-किरण तपासणीची यंत्रे आहेत, आणि भूशास्त्र शिकलेली माणसे या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. राधानगरी आणि शाहूवाडीच्या बॉक्साइटने त्यांच्या कित्येक पिढ्यांना काम दिले आहे. महिन्यातून एक दिवस, एक टेबल, एक भिंग, एक काटा, पाण्याची वाटी आणि दोन जाणकार एवढे झाले तरी पुरेसे आहे. तेथे दगडाचे नाव लिहून सही केलेली चिठ्ठी मिळावी, किंमत लिहिलेली नको. मी स्वतः या टेबलावर विनामूल्य बसायला तयार आहे आणि माझ्याबरोबर आणखी दोघे निवृत्त सहकारी येतील.

आपल्याकडेही एक विनंती आहे. 'शेतकऱ्याला सापडला कोट्यवधींचा दगड' अशा मथळ्याची बातमी हाती आली तर छापण्याआधी ओळख कोणी पटवली, कोणत्या चाचणीने पटवली आणि आकडा कोणी सांगितला, हे तीन प्रश्न आपल्या बातमीदारांनी अवश्य विचारावेत. उत्तर नसेल तर दगडाचा फोटो छापावा, आकडा छापू नये. असा आकडा एकदा छापून आला की आठवडाभर माझ्या दारात लाल दगडांची रांग लागते, आणि त्या रांगेतल्या काहींनी आधीच छन्नी-हातोडा चालवलेला असतो.

वहिनींनी नमुना विकायचा विचार सध्या बाजूला ठेवला आहे. तो आता पुठ्ठ्याच्या खोक्यात कापसात ठेवला असून, सुटे पापुद्रे वेगळ्या पुडीत त्याच्याच शेजारी आहेत. उरलेले कुंकू मी काढले नाही. ते काढायचे की नाही हे त्यांनी ठरवावे. खोक्यातल्या चिठ्ठीवर 'ह्यूलॅन्डाइट, जळगाव जिल्हा, विहिरीतून, काळ्या पाषाणाच्या पोकळीत' एवढे लिहिले आहे आणि गावाच्या नावाची जागा मोकळी सोडली आहे. त्या गावाचे नाव त्यांच्या थोरल्या दिरांना आठवत असावे, दिवाळीला ते आले की विचारून मला कळवतील.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त भूशास्त्र शिक्षक, कोल्हापूर